मांत्रिकाच्या दारावरची पाटी

बालाजीच्या या गावात आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. ‘मी जादूटोणा करतो’ असं स्वतःविषयी सांगणारा माणूस आपल्याला कधी भेटलाय का? आमच्या सत्तरीपर्यंतच्या आयुष्यात एकही भेटला नाही. जादूटोणा नेहमी पलीकडच्या गल्लीतलं कुणीतरी करतं. आपल्याला भेटतो तो देवऋषी असतो, भगत असतो, मांत्रिक असतो. आणि हल्ली तर तो ‘वास्तुतज्ज्ञ व ज्योतिष मार्गदर्शक’ असतो.

धंदा करणारा स्वतःला जादूवाला का म्हणवत नाही, हे कळायला थोडं शब्दांच्या मुळाशी जावं लागेल. ‘जादू’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. पण संस्कृतातला ‘यातु’ हा त्याचाच भाऊबंद. यातु म्हणजे अभिचार, आणि तो करणारा ‘यातुधान’. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठांच्या नावे असलेलं एक सूक्त आहे. त्यात ते यातुधान असल्याचा आळ शपथ घेऊन झटकतात. म्हणजे बघा, तिथेही हा शब्द आरोप म्हणूनच येतो. ज्या शब्दाने वसिष्ठांना शपथ घ्यावी लागली, तो कोण आपल्या दारावर लावील?

मग लावायचं काय? तर वजनदार नाव उसनं घ्यायचं. ‘भगत’ म्हणजे भक्त. ‘देवऋषी’मध्ये तर देव आणि ऋषी दोघेही बसवले आहेत, खेड्यातल्या बोलण्यात त्याचा देवरुषी झाला तरी वजन गेलं नाही. ‘गारुडी’ हा शब्द गरुडावरून, सापाच्या विषावरच्या मंत्रविद्येतून आलेला. आमच्या लहानपणी आमच्या गल्लीत एक म्हातारे विंचू उतरवायचे. त्यांना सगळे ‘पंचाक्षरी’ म्हणत. पंचाक्षरी म्हणजे ‘नमः शिवाय’ या पाच अक्षरांच्या मंत्राचा अधिकारी. भूत उतरवणाऱ्यालाही मराठीत हाच शब्द होता. म्हातारे पैसे घेत नसत, नारळही परत देत. त्यांनी विंचू किती उतरवले ते सोडा, पण नावाला जागून राहिले.

नाथांचं नावही असंच कामाला लावलेलं दिसतं. 1819 साली ‘नवनाथ भक्तिसार’ पोथी पूर्ण झाली आणि शाबरी विद्या, मच्छिंद्र, गोरख हे घरोघरी पोचले. आजचा मांत्रिक ‘शाबरी मंत्र सिद्ध’ अशी पाटी लावतो तेव्हा पोथीवरची आपली श्रद्धा तो भांडवल म्हणून वापरतो. ‘बाबा’ या शब्दाचं तर काय सांगावं! बापाला बाबा, आजोबांना बाबा, आपल्या जिल्ह्यात सैलानी बाबा, आणि बुवाबाजीवर आयुष्यभर कोरडे ओढणारे गाडगेबाबाही बाबाच. वशीकरणाच्या जाहिरातीतला माणूस मुद्दाम हेच नाव निवडतो. बापाच्या वयाच्या, प्रेमाच्या शब्दावर संशय घ्यायला आपली जीभ उचलत नाही.

यात एक गमतीचा अपवाद आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर स्वतःला उघडपणे जादूगार म्हणवत, तिकीट लावून प्रयोग करत. आपण फसणार हे ठाऊक असून पैसे देत होतो आणि खूश होऊन घरी जात होतो. या सगळ्या मंडळींत ‘जादू’ हा शब्द खुशाल मिरवणारा एकटा तोच, जो जादू नाही हे जाणतो!

आता कायद्याकडे येऊ. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा केला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच ते पन्नास हजारांचा दंड. या कायद्याने काय वगळलं तेही बघा: कीर्तन, प्रवचन, यात्रा, तसंच जोशी-ज्योतिषी आणि वास्तुशास्त्राचा सल्ला. ‘ज्योतिष मार्गदर्शन’ ही पाटी इतकी का आवडते, त्याचं एक कारण आमच्या मते इथे सापडतं. अर्थात पाटी बदलली म्हणून गुन्हा सुटत नाही. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण केली, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ दिलं नाही, तर स्वतःला तो काहीही म्हणवो.

परदेशात वेगळंच घडलं. इंग्लंडात 1951 साली चेटुकाविरुद्धचा जुना कायदा रद्द झाला. 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं. पुढे ‘विक्का’ या नावाने नवा पंथच उभा राहिला आणि लोक स्वतःला अभिमानाने ‘विच’, म्हणजे चेटकीण, म्हणवू लागले. त्याआधी अलीस्टर क्रोली याने आपली विद्या रंगमंचावरच्या खेळापासून वेगळी दिसावी म्हणून ‘मॅजिक’च्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी एक जादा ‘के’ लावला. शिवीचंच बिरूद करायचं, ही चाल तिकडे चालली.

आपल्याकडे ती का चालत नाही? कारण ‘डाकीण’ हा शब्द इथे अजून जिवावर उठतो. नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी पाड्यांवर डाकीण ठरवलेल्या बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे, जीवही गेले आहेत. डाकीण ठरवतो कोण? बहुतेक वेळा तोच भगत, ज्याचं स्वतःचं नाव भक्तावरून आलेलं आहे. उपाय करणाऱ्याने आपलं नाव स्वतः निवडलं. त्या बाईला मात्र ते दुसऱ्यांनी दिलं, आणि बहुतेकदा ती विधवा, एकटी, थोडी जमीन नावावर असलेली.

आम्ही स्वतः एकदा गप्प राहिलो आहोत. एका ओळखीच्या घरी मूल सारखं आजारी पडे. ‘बघणाऱ्या’ने शेजारच्या म्हातारीकडे बोट दाखवलं. आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, चहा पीत बसलो होतो. वाद नको म्हणून उठून आलो. पुढे म्हातारीचं त्या गल्लीतलं पाणी तुटलं. शेवटी ती लेकीकडे राहायला गेली.

तेव्हा हा कायदा नव्हता. आज एखाद्यावर ‘करणी करते’ असा आळ घेऊन त्रास देणं हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे. कायद्याने दक्षता अधिकारी नेमायची सोय केली आहे, आणि पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ती म्हातारीनेच द्यावी असं नाही. तिथे चहा पीत बसलेल्यालाही देता येते.