विश्लेषण : मैदानात पडलेल्या मुलाने पुन्हा खेळायचे की नाही, हे ठरवायचे कोणी?

पावसाळा सुरू झाला की राज्यात शालेय फुटबॉलचा हंगाम रंगतो. सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेऱ्या, आंतरशालेय सामने आणि चिखलाने निसरडी झालेली मैदाने. एखादा मुलगा घोटा धरून खाली बसतो, सर धावत येतात, स्प्रे मारतात, पाठीवर थाप देतात आणि खेळ पुढे सुरू होतो. या दीड-दोन मिनिटांत नेमके काय तपासायला हवे?

फिजिओ मैदानात काय पाहतो?

खेळाडूपाशी पोहोचण्याआधीच तपासणी सुरू झालेली असते. पाय कसा मुडपला, डोके कशावर आपटले, मुलगा हालचाल करतो आहे का, हे धावत येतानाच पाहिले जाते. मग प्रश्न : कुठे दुखते, काही तुटल्यासारखा आवाज आला का? त्यानंतर सूज, दोन्ही पायांची तुलना, बोटाने दाबून हाडावरची दुखरी जागा. इथवर सगळे ठीक असेल तर आधी मुलाने स्वतः सांधा हलवायचा, मग फिजिओने हलवून पाहायचा. शेवटी ताकदीची परीक्षा, म्हणजे उभे राहणे, चालणे, धावणे, झटकन दिशा बदलणे. इंग्रजी आद्याक्षरांवरून या क्रमाला ‘सॉल्टॅप्स’ म्हणतात. एका जरी पायरीवर अडले तरी खेळाडू बाहेर. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला हलवायचेच नाही. थेट १०८ ला फोन.

स्प्रेने दुखणे थांबते, मग अडचण काय?

दुखणे थांबते, हीच अडचण. थंड स्प्रे जागा तात्पुरती बधिर करतो, आतली इजा तशीच राहते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेची ‘ग्रोथ प्लेट’ असते आणि ती शेजारच्या अस्थिबंधापेक्षा कमकुवत असते. मोठ्या माणसाचा जिथे घोटा मुरगळतो, तिथे तेरा वर्षांच्या मुलाच्या हाडाला इजा झालेली असू शकते. ‘मुरगळलाय, होईल बरा’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे. हाडावर दाबून दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी टाळू नये.

डोक्याला मार लागला तर?

इथे तपासणी करून परत पाठवण्याचा प्रश्नच नाही. मेंदूला हादरा, म्हणजे ‘कन्कशन’ झाल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, यावर जगभरातील तज्ज्ञांचे एकमत आहे. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान २१ दिवस स्पर्धात्मक सामना खेळता येत नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. गोंधळलेली नजर, तोल जाणे, गुण किती झाले हे न आठवणे पुरेसे आहे. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधील १४ वर्षांचा एक मुलगा शालेय रग्बी सामन्यात डोक्याला मार बसल्यावरही खेळत राहिला. सामना संपता संपता तो कोसळला आणि दोन दिवसांनी दगावला. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला, तर कोवळा मेंदू असा सुजू शकतो.

‘मी ठीक आहे सर’ हे उत्तर अशा वेळी कुचकामी ठरते. ज्याला खेळायचे आहे तोच साक्षीदार, आणि ज्याला सामना जिंकायचा आहे तोच न्यायाधीश! निर्णय प्रशिक्षकाऐवजी निकालाशी देणेघेणे नसलेल्या व्यक्तीकडे हवा, मग ती फिजिओ असो वा प्रथमोपचार शिकलेली दुसरी शिक्षिका.

फिजिओ परवडत नसेल तर?

बहुतेक शाळांची हीच स्थिती आहे. मात्र दुखापत टाळण्याचा एक उपाय जवळपास फुकट आहे. ‘फिफा इलेव्हन प्लस’ हा २० मिनिटांचा सराव धावणे, पायांची ताकद, तोल आणि उडीनंतर नीट उतरणे यांवर बेतलेला आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. अट एकच : तो नियमित हवा, फक्त सामन्याच्या सकाळी नव्हे.

हृदय बंद पडणे क्वचितच घडते, पण घडते. गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू ख्रिस्तियानो ज्युनियर २००४ च्या फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात बंगळूरुत गोल करताना गोलरक्षकाशी धडकून कोसळला आणि वाचला नाही. अशा वेळी छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे लागते. तो कोण देणार, जवळचे रुग्णालय कोणते आणि रुग्णवाहिकेसाठी मैदानाच्या फाटकाची किल्ली कोणाकडे, हे नाणेफेकीआधीच ठरलेले असावे.