सगळा दोष टीव्हीचा?

घरात मारामारी झाली की आपल्या लोकांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "हे सगळे त्या टीव्हीमुळे." दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले, की त्यात खरे किती आणि सोयीचे किती हे एकदा पाहायला हवे.

सोयीचे आधी सांगते. एक बाई हात सुजला म्हणून यायची. बरोबर सासू. "तो रात्री मारामारीचे पिक्चर बघत बसतो, मग डोके फिरते त्याचे," हे सासूच सांगायची, सून गप्प. बाही वर केली की एक डाग जांभळा, एक हिरवट, एक पिवळा पडत चाललेला. म्हणजे मार वेगवेगळ्या दिवसांचा. हाच माणूस कामावर साहेबावर हात उगारत नव्हता, शेजाऱ्याशीही गोड बोलायचा. डोके फिरायचे ते फक्त घरात!

मुंबईत दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याआधी चाळीत बायका मार खात नव्हत्या काय? आमच्या मजल्यावर रेडिओ दोनच घरांत होता, आणि मार खाणाऱ्या बायका त्याहून जास्त होत्या. तिथे दारू होती, पगाराचा दिवस होता, आणि मधे पडणारे कोणी नव्हते. तेव्हा मोठ्या माणसाच्या बाबतीत टीव्हीचे नाव पुढे करू नका. आपल्या ओळखीत असे कोणी असेल तर इस्राएलमध्ये कल्याण खात्याचा ११८ हा नंबर आहे, आणि जिवावर बेतले तर पोलिसांचा १००.

लहान मुलांचे मात्र तसे नाही. तिथे तक्रारीत तथ्य आहे.

अमेरिकेत अल्बर्ट बांदुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या सुमारास बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केले. एक मोठा माणूस फुगवलेल्या बाहुलीला गुद्दे मारतो, हातोडीने बडवतो, असे मुलांना दाखवले. काही मुलांना प्रत्यक्ष, तर काहींना फिल्मवर. नंतर त्या मुलांना तशीच बाहुली दिली, तेव्हा त्यांनी तसेच मारले, आणि तोंडाने शब्दही तेच काढले. फिल्म पाहिलेलीही मागे राहिली नाहीत. आता कोणी म्हणेल, बाहुलीला मारणे आणि माणसाला मारणे एक नव्हे. बरोबर आहे. पण आपल्याकडे १९९०च्या दशकात केबलवर अमेरिकन कुस्त्या दिसू लागल्या, तेव्हा शाळांच्या आवारात मुले एकमेकांना तशीच उचलून आपटू लागली होती. दाफ्ना लेमिश या प्राध्यापिकेने त्यावर अभ्यास केला आहे. तिथे बाहुल्या नव्हत्या, जिवंत मुलांचे हातपाय होते.

मग एकच कार्यक्रम पाहून एक मूल हात उगारते आणि दुसरे उगारत नाही, हे कसे? याचे उत्तर मला सर्वात पटले ते याच देशातून आलेले. ह्यूसमन आणि एरॉन या अमेरिकन संशोधकांनी काही देशांतल्या शाळकरी मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा केला आणि १९८६ मध्ये त्याचे पुस्तक काढले. इस्राएलमध्ये त्यांनी शहरातली मुले घेतली आणि किबुत्झमधलीही. शहरातल्या मुलांत मारामारीचे कार्यक्रम पाहणे आणि दांडगाई यांचा संबंध दिसला, किबुत्झच्या मुलांत तसा दिसला नाही. किबुत्झमध्ये टीव्ही कमी पाहिला जाई, आणि पाहिला तरी सर्वांबरोबर बसून, त्यावर मोठ्या माणसांशी बोलणे होई. शहरात मूल बहुधा एकटेच पडद्यासमोर.

आता आपल्या घरात पाहा. दुपारी शाळा सुटली की आईबाप कामावर आणि नातवंडे सव्तापाशी. सव्ता स्वयंपाकघरात, मूल टीव्हीसमोर. "मला ती भरभर हिब्रू कळत नाही, मी बसून काय करू?" असे कितीजणी म्हणतात. अहो, कळत नाही हेच बरे. नातवाला विचारा, "तो काय म्हणाला रे? त्याने त्याला का मारले? खरे असे पडले तर हाड मोडेल की नाही?" मूल आपल्याला समजावू लागते आणि समजावता समजावता स्वतः विचार करते. याच संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला होता. टीव्हीवरची मारामारी खरी नसते आणि तिची नक्कल करणे का वाईट, हे मुलांकडूनच लिहवून घेतले. ज्यांनी लिहिले त्यांची दांडगाई बाकीच्या मुलांपेक्षा कमी राहिली. आपण वही नको, गप्पा पुरेत. मोडलेल्या हाडाचे वर्णन मी माझ्या नातवंडांना जरा रंगवूनच करते, धंद्याचा अनुभव आहे!

आठच्या बातम्यांचे मात्र निराळे. तिथले रक्त खरे असते, तेव्हा "हे खोटे आहे" म्हणून चालत नाही. तेच धडाडलेले घर, तीच रडणारी आई, एका संध्याकाळी दहादा दाखवतात, आणि लहान मुलाला वाटते की घर दहादा पडले. रात्री दचकून उठणे, अंथरूण ओले करणे, पोट दुखते म्हणून शाळेला न जाणे, असे सुरू झाले तर घरच्या डॉक्टरांना मूल काय पाहते तेही सांगा, नुसते पोटाचे सांगू नका. मूल जागे असेपर्यंत बातम्या बंद. सायरन वाजला तर तो ऐकू येणारच आहे, आणि बातम्या नंतर रेडिओवरही मिळतात.