सहा व्होल्टची जीप आणि तिचा अशक्त ‘सेल्फ’

आपल्या विद्यालयाची जुनी विलीज जीप ज्याने ढकलली नाही, असा वसतिगृहाचा माजी विद्यार्थी विरळाच. पायाखालचा ‘सेल्फ’ दाबला की ती एकदा कण्हत असे, दुसऱ्यांदा अर्धवट फिरे आणि तिसऱ्यांदा गप्प होई. मग भोजनगृहापासून फाटकापर्यंतच्या उतारावर दहा-बारा मुले धावत. त्यात गंमतही होती. परंतु श्रावणातल्या एका रात्री तापाने फणफणलेल्या पाचवीच्या मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे असताना चिखलातून ती ढकलावी लागली, तेव्हा कोणी हसले नाही. त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागलो.

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने प्रथम मुळाकडे गेलो. पूर्वी मोटारगाडी हँडल फिरवून सुरू करीत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने 1912 च्या कॅडिलॅक गाडीसाठी विजेचा स्टार्टर सिद्ध केला. त्याआधी त्याने दुकानातील रोकडयंत्राला विजेची मोटार जोडली होती. तेथे उमगलेले तत्त्व येथे उपयोगी पडले : मोटारीला काम फक्त काही क्षण करायचे असेल, तर ती लहान असली तरी तेवढ्यापुरता क्षमतेबाहेरचा भार पेलते. म्हणूनच सेल्फ दहा सेकंदांहून अधिक दाबून धरू नये. मध्ये विसावा द्यावा. आपल्याकडे बहुतेक मोटारी या अधीरपणानेच जळतात.

आता सहा व्होल्टांचा हिशेब पाहू. स्टार्टरला 1200 वॅट शक्ती हवी असे धरू. बारा व्होल्टांच्या गाडीत त्यासाठी 100 अँपिअर प्रवाह पुरतो. सहा व्होल्टांच्या गाडीत 200 लागतो. वाटेतील तारा व सांधे यांचा एकूण रोध 0.005 ओहम असेल, तर पहिल्या गाडीत अर्धा व्होल्ट वाया जातो, म्हणजे चोविसावा हिस्सा. दुसरीत पूर्ण एक व्होल्ट जातो, म्हणजे सहावा हिस्सा. बारा व्होल्टांची गाडी जी गंजलेली पट्टी निभावून नेते, तीच या जीपला जमिनीवर आणते.

आमच्या जीपच्या मोटारीचे वाइंडिंग तोपर्यंत दोनदा करून झाले होते. विद्यालयाच्या तुटपुंज्या निधीतून तो खर्च निघाला, आणि महिन्याभरात ढकलणे पुन्हा सुरू झाले. शेवटी आयटीआयमध्ये शिकून वायरमन झालेला आपलाच एक माजी विद्यार्थी मल्टिमीटर घेऊन आला. त्याने गिअर न्यूट्रलवर ठेवला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून प्रज्वलनाची तार काढली आणि मला सेल्फ दाबायला सांगितले. मीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटावर (वरच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट खुंटावर), दुसरे मोटारीच्या टोकावर. काटा शून्याजवळ राहायला हवा. सहा व्होल्टांत पाव व्होल्टापलीकडे गेला तर वाटेत गळती समजावी. तशीच तपासणी त्याने इंजिनाचे अंग आणि बॅटरीचा अर्थचा खुंट यांच्यामध्ये केली. दोन्हीकडे दोष निघाला. इंजिन रबराच्या बैठकीवर बसलेले असते. त्याला सांगाड्याशी जोडणारी अर्थची पट्टी आतून कुजली होती. पायाच्या स्विचमधील तांब्याचे तोंड जळून खड्डे पडले होते. शिवाय कोणीतरी मूळची जाड केबल काढून बारा व्होल्टांच्या गाडीची बारीक केबल बसवली होती. साक्षीपुरावा न तपासता आम्ही दोनदा मोटारीलाच शिक्षा दिली होती.

मोटारही कधी दोषी असते, हे मान्य. फिरताना तिच्या टोकांवर पाच व्होल्टांच्या आसपास दाब मिळत असूनही ती मंद असेल, तर मात्र उघडावी. कार्बन झिजलेले असतात, कम्युटेटर काळवंडलेला असतो. पुष्कळदा बुश झिजून आर्मेचर भोवतालच्या लोखंडी ध्रुवांना घासते. तेथे चकचकीत ओरखडे दिसतात. नवे बुश तेलात भिजवून बसवावेत. बेंडिक्सला मात्र ग्रीस लावू नये. त्यात धूळ साचून दांता पुढे सरकेनासा होतो. घासलेटाने धुतला की पुरे.

काहीजण थेट बारा व्होल्टांची बॅटरी जोडतात. सहा व्होल्टांची मोटार त्यावर जोमाने फिरते, हे खरे. पण बेंडिक्सची स्प्रिंग तुटते, फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते उडतात, आणि दिवे, कॉइल, डायनॅमो हेही बदलावे लागतात. आतील गिअरमुळे कमी प्रवाहात अधिक जोर देणारे नव्या पद्धतीचे स्टार्टर मिळतात. ते उत्तम असतात. परंतु घेण्यापूर्वी रिंगचे दाते मोजावेत, कारण जुन्या जीपमध्ये ते सर्वत्र सारखे नसतात. माझे मत विचाराल, तर प्रथम केबल, पट्टी, स्विच. मग कार्बन आणि बुश. आणि खरेदी सर्वांत शेवटी.

आपल्या जीपला अजून तीच मूळची मोटार आहे. जाड केबल आणि तांब्याची नवी पट्टी त्या वायरमनने स्वतः आणून बसवली. पैसे घेतले नाहीत. सीटखालचे हँडल मात्र मी हलवू दिलेले नाही.