वेष्टनबंद मांस : ताजेपणाची पारख आणि सुरक्षिततेची खात्री

सातपाटीच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की पापलेटची पारख करण्यास कोळी भगिनींना कोणतेही उपकरण लागत नाही. टपोरे व चकचकीत डोळे, तांबडेलाल कल्ले आणि बोटाने दाबताच पूर्ववत होणारे घट्ट अंग एवढी लक्षणे त्यांना पुरेशी असतात. गावच्या खाटकाकडे मटण घेणाऱ्यालाही जनावर केव्हा कापले हे समोर दिसते. वैतरणा खाडीपासून पालघर, बोईसर व तारापूरपर्यंतच्या पट्ट्यात मात्र खरेदीची ही एकच रीत आता उरलेली नाही. औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारी अनेक कुटुंबे दुकानातील शीतपेटीतून वेष्टनबंद कच्चे चिकन, मटण किंवा मासळी घेतात. तेथे जुनी पारख अपुरी पडते. सबब नवी पारख शिकणे अगत्याचे झाले आहे.

नासणे वेगळे, धोका वेगळा

मांस नासविणारे जंतू दुर्गंध, चिकटपणा व आंबूस वास निर्माण करतात. त्यामुळे नासलेले मांस सहसा ओळखू येते. तथापि साल्मोनेला व लिस्टेरिया यांसारख्या रोगजंतूंमुळे मांसाचा वास, रंग वा चव बदलेलच असे नाही. म्हणजेच दुर्गंध येणारे मांस टाकून द्यावे हे खरे. परंतु दुर्गंध नाही म्हणून ते सुरक्षित आहे, असे मानणे चुकीचे ठरते. नाक ताजेपणाबद्दल सांगते. सुरक्षिततेची साक्ष तारीख व तापमान यांच्याकडूनच घ्यावी लागते.

रंगाचा अर्थ

मांसाचा रंग मुख्यत्वे मायोग्लोबिन या द्रव्यामुळे येतो. हवा काढून घेतलेल्या वेष्टनात मटण जांभळट दिसते व वेष्टन उघडल्यावर थोड्या वेळाने लाल होते. अशा वेष्टनातून प्रथम येणारा कोंदट वासही काही मिनिटांत जातो. तो न गेल्यास मांस वापरू नये. पृष्ठभागाचा किंचित तपकिरी रंग एवढ्यावरून मांस नासले असे ठरत नाही. मात्र हिरवट छटा, बुळबुळीतपणा व आंबूस वास ही बिघाडाचीच चिन्हे होत. हवाविरहित वेष्टन फुगलेले असल्यास आत जंतूंनी वायू निर्माण केला असण्याचा संभव असतो. ते घेऊ नये.

खरेदी करताना

वेष्टनावर पॅकिंगची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, साठवणुकीची सूचना व १४ अंकी अन्न परवाना क्रमांक आहे की नाही, हे प्रथम पाहावे. थंड ठेवलेले मांस ४ अंश सेल्सिअस वा त्याखाली आणि गोठविलेले मांस उणे १८ अंश वा त्याखाली असावे लागते. शीतपेटीचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाल्यास गोठविलेले मांस वितळते व वीज आल्यावर पुन्हा गोठते. वेष्टनाच्या तळाशी साचलेला लालसर बर्फ, मोठे हिमकण आणि एकमेकांस चिकटून वेडेवाकडे झालेले तुकडे ही त्याची खूण होय. गोठविल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ केवळ थांबते, हे ध्यानी घ्यावे.

घरी आणल्यावर

मांस सर्वांत शेवटी खरेदी करून थेट घरी न्यावे. सामान्य हवेत दोन तासांहून अधिक आणि कडक उन्हाळ्यात एक तासाहून अधिक काळ ते बाहेर राहू नये. थंड ठेवलेले चिकन वेष्टन उघडल्यावर एक-दोन दिवसांत, परंतु अंतिम तारखेच्या आत संपवावे. चिकन नळाखाली धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर जंतू सर्वत्र पसरतात. मांसासाठी वापरलेली सुरी वा विळी साबणाने धुतल्याखेरीज कोशिंबिरीसाठी घेऊ नये. चिकन आतपर्यंत ७५ अंश तापेल असे शिजवावे. मात्र शिजविणे हा सर्व दोषांवरील उपाय नव्हे. बांगड्यासारखी मासळी उबेत राहिल्यास तिच्यात हिस्टामाइन तयार होते व ते शिजविल्याने नष्ट होत नाही.

ग्राहकाचा हक्क, गावाचे कर्तव्य

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये ग्राहकास विकत घेतलेल्या अन्नाचे शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पृथक्करण करून घेता येते. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास कळवावा लागतो. संशय आल्यास वेष्टन व पावती जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. दूषित अन्नाची झळ लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना अधिक बसते. म्हणून ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत व शिक्षकांनी वर्गात एखादे रिकामे वेष्टन हाती घेऊन त्यावरील मजकूर वाचून दाखवावा. कल्ले पाहून मासळी घेणाऱ्या या किनाऱ्याला तारीख पाहून मांस घेण्याची सवय लागणे अवघड नाही.