घुमट रस्त्यावर, सभागृह मागे

बर्लिनच्या ओरानियनबुर्गर श्ट्रासे या रस्त्यावरच्या नव्या सिनेगॉगचा (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा) जुना कृष्णधवल फोटो पाहिला की नजर आधी घुमटावर जाते. खाली तीन कमानींचे प्रवेशद्वार, दोन्ही अंगांना छोटे घुमट ल्यालेले मनोरे आणि मधोमध 50 मीटर उंचीवर गेलेला मोठा घुमट. त्यावरच्या सोनेरी पट्ट्या कृष्णधवल फोटोत करड्या होतात. प्रत्यक्षात त्या उन्हात लांबूनही चमकत.

एवढा घुमट पाहून वाटते, प्रार्थनेचे सभागृह त्याच्याखालीच असणार. पण ते होते बरेच मागे. जागाच तशी होती: रस्त्याला लागून अरुंद तोंड, आत पसरत गेलेली आणि वाकडी वळलेली. मुख्य सभागृहावर घुमट चढवला असता, तर तो रस्त्यावरून दिसलाच नसता. म्हणून वास्तुकार एडुआर्ड क्नोब्लाउख याने तो पुढच्या भागावर आणला. आतल्या बाजूला जागा जिथे वळते, तिथे बहुकोनी दालन घातले. त्यातून जाणाऱ्याला आपण दिशा बदलली हे कळूही नये.

दिसण्याचा हा आग्रह उगाच नव्हता. बर्लिनच्या ज्यूंचे 1714चे जुने सिनेगॉग हाइडरॉयटर गल्लीत, रस्त्यापासून आत दडलेले होते. दीडशे वर्षांनी तोच समाज राजधानीच्या रहदारीच्या रस्त्यावर उभा राहिला. शैलीही विचारपूर्वक निवडलेली. गॉथिक शैली म्हटली की चर्च डोळ्यांपुढे येणार. म्हणून स्पेनमधल्या अलहाम्ब्रा राजवाड्याची आठवण करून देणारी मूर धाटणी घेतली: नक्षीदार कमानी, रंगीत विटांचे पट्टे.

बाहेरून पूर्वेकडचा साज, आत मात्र त्या काळचे अगदी नवे तंत्र. घुमट आणि गॅलऱ्या लोखंडाच्या सांगाड्यावर तोललेल्या होत्या. बारीक लोखंडी खांबांमुळे खाली जाडजूड दगडी आधारांची गर्दी झाली नाही. रंगीत काचांच्या मागे गॅसचे दिवे असत, त्यामुळे रात्रीही प्रकाश खिडकीतूनच आल्यासारखा वाटे. स्त्रियांसाठी वरच्या गॅलऱ्या होत्या, आणि शिवाय ऑर्गन. सिनेगॉगमध्ये ऑर्गन असावा का, यावर तेव्हा जर्मन ज्यूंमध्ये चांगलेच वाद झडत. सुमारे 3,200 लोक बसतील एवढी ही वास्तू होती. क्नोब्लाउख आजारी पडल्यावर त्याचा मित्र फ्रीड्रिख आउगुस्ट श्ट्यूलर याने काम पुढे नेले. 5 सप्टेंबर 1866 रोजी उद्घाटन झाले, तेव्हा प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क हजर होता. हे दोघे वास्तुकार मात्र आदल्याच वर्षी वारले होते.

9 नोव्हेंबर 1938च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली, तेव्हा नाझींनी इथेही आग लावली. स्थानिक पोलीस ठाण्याचा एक अधिकारी शिपाई घेऊन पोचला, ही संरक्षित वास्तू आहे असे बजावून त्याने जाळणाऱ्यांना हुसकावले आणि अग्निशमन दलाला बोलावून आग विझवून घेतली. तरीही या सिनेगॉगवर ज्वाला उसळताना दाखवणारा एक फोटो त्या रात्रीचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे छापला गेला. तो मुळात युद्धानंतरचा. धूर आणि ज्वाला त्यावर नंतर चढवलेल्या. वास्तूचा खरा घात केला तो नोव्हेंबर 1943च्या बॉम्बहल्ल्याने. त्यात ती भाजून निघाली, आणि पुढे 1958 साली पूर्व बर्लिनमध्ये मागच्या सभागृहाचे अवशेष पाडून टाकण्यात आले.

1988पासून दर्शनी भागाची डागडुजी सुरू झाली, घुमट नव्याने बांधला गेला आणि 1995 साली ही वास्तू संग्रहालय व अभ्यासकेंद्र म्हणून खुली झाली. मुख्य सभागृह मात्र पुन्हा उभारले नाही. त्याची जागा मोकळीच ठेवली. त्यामुळे समोरून काढलेला आजचा फोटो आणि एकोणिसाव्या शतकातला फोटो शेजारी ठेवले, तर फारसे काही बदललेले वाटत नाही. जे लोकांना दिसावे म्हणून पुढे आणले होते, ते परत उभे राहिले. जिथे समाज एकत्र बसत होता, ती जागा गेली. जुन्या वास्तूचा फोटो पाहताना म्हणूनच दर्शनी भागावर थांबू नये. त्याच्या मागचा नकाशाही मागून घ्यावा.