माळ्यावरच्या तबकड्या भंगारात देण्याआधी

रोहिणखेड, मोताळा, मलकापूर या भागात धाब्याची घरं उतरवून स्लॅबची घरं बांधण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. घर उतरवायला काढलं की माळा रिकामा होतो. तांब्या-पितळेची भांडी निघतात, कंदील निघतात, आजोबांची लोखंडी पेटी निघते. कधी कधी त्या पेटीत जाड खाकी पाकिटातल्या काळ्या, जड, ताटाएवढ्या चकत्याही सापडतात. मुलं विचारतात, "सर, एवढी मोठी सीडी कशाची?" भांडी तोलून विकली जातात आणि चकत्या भंगारवाल्याच्या पोत्यात जातात. पोतं आपटलं की त्या फुटतात.

या चकत्या म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्डी. मराठीत तबकडी म्हणतात, उर्दू बोलणाऱ्या घरांत कुणी तवा म्हणायचं. ती काय वस्तू आहे, तिच्यावर आपल्या समाजाचं काय नोंदलेलं आहे आणि ती वाजवायची-जपायची कशी, हे आम्ही इथे थोडक्यात सांगतो. संगीताबद्दल उलमांमध्ये जी वेगवेगळी मतं आहेत, त्या चर्चेत आम्ही इथे जात नाही. पण या तबकड्यांवर ठुमरी-गझलेबरोबर नात आणि कव्वालीही आहे. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनीही हा दस्तऐवज फोडू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे.

लाखेची तबकडी

जुनी तबकडी प्लास्टिकची नसते. बांगड्यांची असते तीच ही लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे राळ सोडतात. ती शुद्ध केली की शेलॅक तयार होतो. त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून, गरम करून साच्यात दाबलं की तबकडी तयार. म्हणून ती हातात जड लागते आणि पडली की काचेसारखी फुटते.

नेहमीची तबकडी १० इंचांची असते. मिनिटाला ७८ फेरे फिरते आणि एका बाजूला साधारण ३ मिनिटं वाजते. तासभर रंगणारी चीज गवयाला ३ मिनिटांत बसवावी लागे. चित्रपटातलं गाणं आजही तीन-चार मिनिटांचं असतं, त्या सवयीचं मूळ इथे आहे.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला. त्याआधी गाणाऱ्याला एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोरात गावं लागे. त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. म्हणून १९१०-१५ ची रेकॉर्ड ऐकताना आवाज पातळ आणि दुरून आल्यासारखा वाटतो. तो दोष गाणाऱ्याचा नाही, त्या यंत्राचा आहे.

कोणाचे आवाज आहेत?

भारतात ग्रामोफोन कंपनीचं पहिलं ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात झालं. त्यात सगळ्यात गाजलं नाव गौहर जान यांचं. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. कारण साधं होतं: तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या कामगारांना हे गाणं कोणाचं ते कळायला हवं. कलकत्त्यात सियालदहला कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. गौहर जान यांनी सुमारे ६०० ध्वनिमुद्रणं केली असं सांगतात, दहाहून अधिक भाषांत, आणि त्यात मराठीही मोजतात.

महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण आमच्या मते सर्वांत मोठं आहे. जन्म उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा, आयुष्य मिरजेत गेलं. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. त्यांत ख्याल आणि ठुमरी आहे, तसं 'मानापमान' नाटकातलं मराठी पदही आहे. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला. मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसाच्या वेळी तिथे त्यांच्या नावाने संगीतसभा होते. घरी उर्दू बोलणारा गवई मराठी नाट्यपद कसं म्हणत होता, हे आज आपण ऐकू शकतो ते त्या ३ मिनिटांमुळे.

आता दुसरी बाजू पाहा. जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारी होते. १९४६ साली मुंबईत ते वारले. केसरबाई केरकरांसारख्या शिष्या त्यांनी घडवल्या, पण स्वतःची रेकॉर्ड काढली नाही. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात गेला. गुरूंचा आवाज मात्र आपल्याला ऐकायला मिळत नाही. शिष्यांच्या गाण्यावरून अंदाज करायचा, बस.

बालगंधर्वांच्या नाट्यपदांचे चाहते आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते, हे किती घरांत सांगितलं जातं? लेबलवर बहुधा गाणाऱ्याचं नाव छापलं जाई, साथीदारांचं नाही. तो तपशील घरच्या मोठ्यांच्या आठवणीतूनच मिळतो.

थोडं बाहेर पाहू. बंगालमध्ये काझी नजरुल इस्लाम यांनी रमजानच्या शेवटी येणाऱ्या ईदवर गाणं लिहिलं आणि अब्बासउद्दीन अहमद यांनी ते गायलं. इस्लामी गाण्याची रेकॉर्ड खपेल का, अशी कंपनीला शंका होती. १९३२ साली ती निघाली आणि खपली. आज बंगाली मुसलमानांच्या घरात ते गाणं वाजल्याशिवाय ईद होत नाही. एका तबकडीने सणाचा एक रिवाज घडवला.

हातात आली तर काय पाहायचं?

मधल्या गोल कागदाला लेबल म्हणतात. त्यावर कंपनीचं नाव असतं: हिज मास्टर्स व्हॉइस, म्हणजे भोंग्यासमोर बसलेला कुत्रा, किंवा ओडियन, कोलंबिया, ट्विन, झोनोफोन, मुंबईची यंग इंडिया. खाली गाणाऱ्याचं नाव, गाण्याचे पहिले शब्द आणि रेकॉर्डचा क्रमांक. लेबलभोवतीच्या गुळगुळीत भागात आणखी एक बारीक क्रमांक कोरलेला असतो. तो ध्वनिमुद्रणाचा. हे दोन्ही क्रमांक टिपून ठेवा, कारण रेकॉर्डचं वय त्यावरून ठरवता येतं. रेकॉर्ड एकाच बाजूला असेल तर ती बहुधा अगदी सुरुवातीच्या वर्षांतली आहे.

काही लेबलांवर रोमन अक्षरांबरोबर उर्दू किंवा देवनागरीही असते. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांना उर्दू लिपी वाचता येत नाही आणि त्यांच्या नाना-नानींना रोमन येत नाही. असं एक लेबल पूर्ण वाचायला घरातली दोन्ही माणसं लागतात. आम्हाला या छंदात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच बाब.

किमतीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. 'कुत्र्याची रेकॉर्ड लाखाला जाते' अशा अफवांवर विश्वास ठेवू नका. १९५०-६० च्या सिनेमाच्या तबकड्या खूप छापल्या गेल्या, त्यांना फार भाव नसतो. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुने फोनो मिळतात, पण चकचकीत पितळी भोंग्याचे, जुनाट दिसणारे नवे नगही बाजारात खूप आहेत. असा नग शोभेला ठीक. त्यावर चांगली तबकडी लावू नका.

वाजवायची कशी?

चावीच्या फोनोला वीज लागत नाही. आतली स्प्रिंग तबकडी फिरवते. चावी अगदी शेवटपर्यंत ताणू नका आणि वाजवून झालं की स्प्रिंग सैल होऊ द्या. पोलादी पिन एका बाजूपुरतीच असते. तबकडीतली दगडाची पूड पिनेला घासून खाचेच्या आकाराची करते. तीच पिन पुन्हा लावली तर तिची झिजलेली धार खाच खरवडते. पिनेचे चार पैसे वाचवताना रेकॉर्ड जाते.

विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्यावर ७८ चा वेग आहे का ते पाहा. या तबकडीची खाच नंतरच्या एलपीपेक्षा बरीच रुंद असते, म्हणून ७८ ची वेगळी सुई लागते. उलट एलपी चावीच्या फोनोवर कधीही लावू नका. त्याच्या जड डोक्याने आणि पिनेने एलपी एकदाच वाजवली तरी खराब होते.

जपायची कशी?

सर्वांत महत्त्वाचं: स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल असलेला स्प्रे लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, रेकॉर्ड क्षणात पांढुरकी पडते. मऊ कापड थंड शुद्ध पाण्यात पिळून, हवं तर सौम्य साबणाचा एक थेंब टाकून, खाचेच्या दिशेने गोल पुसा. लेबल भिजू देऊ नका. लगेच सुक्या कापडाने टिपून सावलीत वाळवा.

तबकड्या पुस्तकांसारख्या सरळ उभ्या ठेवा. तिरक्या ठेवल्या की वाकतात, एकावर एक रचल्या की खालच्या फुटतात. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छताखाली त्या हमखास वाकतील, म्हणून आतल्या भिंतीजवळचं कपाट बरं. उचलताना दोन्ही हातांनी, फक्त कडेला धरा.

वाजत असेल तर एकदा नीट वाजवून मोबाइलवर का होईना, आवाज उतरवून ठेवा. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. गीत आणि चालीचा हक्क मात्र वेगळा मोजतात, म्हणून इंटरनेटवर टाकण्याआधी तो तपासा. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून अशी पुष्कळ माहिती नोंदवली आहे. आपल्याकडची रेकॉर्ड कोणती, हे शोधायला तिचा उपयोग होतो.

वेळ थोडा आहे

१९३१ साली 'आलमआरा' हा पहिला बोलपट आला. त्यातली गाणी तबकडीवर निघाली नाहीत आणि चित्रपटाची प्रतही उरली नाही. वझीर मोहम्मद खान यांनी त्यात गायलेलं फकिराचं गाणं म्हणून आज मूळ आवाजात ऐकायला मिळत नाही. आमच्या गावातली सोळाव्या शतकातली मशीद दगडाची आहे, ती चारशेहून अधिक वर्षं उभी आहे. लाखेचं तसं नाही, एका धक्क्यात ती जाते.

तेव्हा एवढं तरी करू या. घर उतरवण्याआधी माळा स्वतः पाहा. तबकडी निघाली तर न पुसता आधी लेबलचा फोटो काढा. ती कोणी, कुठून आणली, लग्नात मिळाली की उरुसाच्या बाजारातून, हे नाना-नानी, दादा-दादी सांगू शकतात तोवर विचारून वहीत लिहा. ठेवायला जागा नसेल तर जपणाऱ्या माणसाला द्या, शाळेला द्या. भंगाराच्या काट्यावर मात्र ती चढवू नका.