पाडाच्या आंब्याचा कॉब्लर

इंग्रजी वाचनपुस्तकांत ‘पीच’ या फळाचें नांव वारंवार येतें. आमच्या विद्यार्थ्यांस त्या शब्दाचें स्पेलिंग येतें, चित्र दाखविलें तर फळही ओळखतां येतें. परंतु त्याची चव कशी असते असें विचारलें कीं सारा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतो. या पीचच्या ताज्या फळांपासून अमेरिकेंत उन्हाळ्यांत घरोघर एक पक्वान्न करितात, त्यास ‘कॉब्लर’ म्हणतात. खोल भांड्याच्या तळाशीं फळांच्या गोड फोडी, त्यांवर सैल पिठाचे ओबडधोबड गोळे, आणि मग सर्व कांहीं विस्तवावर भाजून काढलेलें, असें त्याचें थोडक्यांत स्वरूप आहे. पीच नसतांना व भट्टी नसतांना हें पक्वान्न आपल्याकडील खेड्यांत कसें करितां येईल, आणि तें कां साधतें वा कां बिघडतें, हें सांगण्याचा येथें आमचा विचार आहे.

पीचचें शास्त्रीय नांव ‘प्रुनस पर्सिका’ असें आहे. ‘पर्सिका’ म्हणजे इराणची. कारण यूरोपीय लोकांस तें फळ इराणाच्या वाटेनें मिळालें. त्याचें मूळ घर मात्र चीन देश होय. सातव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग यानें लिहून ठेविलें आहे कीं, कनिष्क राजाच्या वेळीं चीनकडील ओलीस लोक पंजाबांतील ज्या प्रांतीं राहिले, तेथें त्यांनीं पीच व नासपती हीं फळें प्रथम आणिलीं. म्हणून तेथील लोक पीचला ‘चीनानी’ व नासपतीला ‘चीनराजपुत्र’ म्हणत. आजही हिमाचल प्रदेशांत सिरमौर जिल्ह्यांतील राजगढचा परिसर पीचसाठीं प्रसिद्ध आहे. आपल्याकडे तें कां होत नाहीं, याचें कारण आपला हिवाळा. पीचच्या झाडास फुलावयाचें तर त्याच्या बहुतेक जातींना हिवाळ्यांत सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी शेंकडों तास मिळावी लागते. ज्या भंडारा जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेथें इतकी दीर्घ थंडी कोठून आणावी?

परंतु निसर्गानें एक हात आंखडला तरी दुसरा सढळ केला आहे. पीच हें कठीण आठळीचें फळ आहे आणि आंबाही तसाच. कुळें मात्र निराळीं आहेत. पीच गुलाबाच्या कुळांतला, तर आंबा आपल्या जंगलांतील बिब्बा व चारोळी यांचा सगोत्र. आंब्याच्या देंठाचा चीक अंगास लागून कातडी भाजते, तें या बिब्ब्याच्या नात्यामुळेंच.

आतां कॉब्लरच्या जन्माविषयीं. अमेरिकेंत नव्यानें वसाहत करणाऱ्या कुटुंबांपाशीं विटांची भट्टी नसे. एक जाड लोखंडी भांडें, निखारे राहतील असें कांठ असलेलें त्याचें झांकण, आणि उघड्यावरील विस्तव, एवढीच त्यांची सामग्री. लेटिस ब्रायन या बाईंनीं १८३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘दि केंटकी हाउसवाइफ’ या पुस्तकांत पीचच्या कॉब्लरची कृति आहे. आणि हा पदार्थ पाहुण्यांपुढें मिरविण्याचा नसला तरी घरच्या माणसांसाठीं उत्तम आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. आम्हांस हा अभिप्राय फार आवडला. जें अन्न केवळ घरच्यांसाठीं रांधलें जातें, त्यांत दिखाऊपणास जागा नसते.

हें सर्व आम्हांस पुस्तकावरून ठाऊक होतें. परंतु पुस्तकी ज्ञानाची परीक्षा झाली ती पवनी तालुक्यांतील आसगांव येथें. तेथें आमच्या आत्याबाई राहतात. चौरासाच्या त्या काळ्या जमिनींत त्यांचें थोडेंसें धानाचें शेत असून बांधावर रायवळ आंब्याचीं चार जुनीं झाडें आहेत. त्या झाडांचा आंबा विकून येणाऱ्या पैशांतून त्यांच्या नातवाची शाळेची फी व पुस्तकें यांची सोय होते. यामुळें त्या घरच्या मुलांस स्वतःच्या झाडाचा आंबा पोटभर असा कधींच मिळत नसे. राखण त्यांनीं करावी आणि फळ बाजारास जावें, हा क्रम. गेल्या वैशाखांत आम्ही तेथें असतां एका सायंकाळीं वादळ झालें. अर्ध्या तासांत झाडांखालीं फळांचा सडा पडला. आत्याबाई कंदील घेऊन गेल्या, सर्व पाहून आल्या आणि कांहीं न बोलतां पाटीवर पाटी भरूं लागल्या.

दुसऱ्या दिवशीं निवडानिवड झाली. हिरव्या कच्च्या कैऱ्यांचें लोणचें घातलें, उरलेल्यांची आंबोशी करून वाळत टाकली. पिकलेल्या थोड्या आंब्यांचा रस झाला. प्रश्न राहिला तो पाडाच्या आंब्यांचा. हे धड कच्चे नाहींत, धड पिके नाहींत; त्यांत मार बसलेले. व्यापारी ते घेईना, आढी घातली तर दोन दिवसांत सडणार. तेव्हां आम्हांस कॉब्लरचें स्मरण झालें. घट्ट, आंबटगोड व उष्णतेनें न विरघळणारी फोड हीच कॉब्लरला हवी असते. अगदीं पिकलेल्या रसाळ रायवळाचा तेथें नुसता लगदा होतो. वादळानें पाडलेलें हें फळ जणूं याच कामासाठीं पडलें होतें.

आम्हीं मोठ्या उत्साहानें चूल पेटविली, पातेल्यांत फोडी घालून वर पिठाचे गोळे ठेविले आणि झांकण लावून खालीं चांगला जाळ केला. अर्ध्या तासानें उघडून पाहतों तों तळाचा गूळ करपून कोळसा झालेला, आणि वरचे गोळे पांढरेफटक व हातास चिकटणारे! मुलें हंसलीं नाहींत, हेंच आम्हांस अधिक लागलें. इतक्यांत आत्याबाई म्हणाल्या, “बापू, रोडग्याले वरतून बी आग लागते, तुही आग तं सारी खालीच हाये.”

या एका वाक्यांत सारें शास्त्र आलें. तें असें: फळांत पाणी पुष्कळ असतें, आणि उघड्या भांड्यांतील पाणी सुमारे १०० अंशांस उकळूं लागलें म्हणजे त्याहून वर तापत नाहीं. म्हणून फळांवर ठेविलेल्या गोळ्यांस खालून मिळते ती नुसती वाफ. वाफेनें पीठ शिजतें, पण भाजलें जात नाहीं. उकडीचा मोदक कितीही वेळ वाफेवर ठेविला तरी त्यास तांबूस रंग येत नाहीं. पिठाचा पृष्ठभाग कोरडा होऊन सुमारे १४० अंशांपलीकडे तापला, म्हणजे त्यांतील प्रथिनें व शर्करा यांची क्रिया जोरानें होऊन रंग व खमंगपणा येतो. मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें. भाकरीचा पापुद्रा व पोळीवरील डाग हीं तिचींच रोजचीं उदाहरणें होत. इकडे तळाशीं मात्र रस आटून गूळ एकटा उरला कीं तो १०० अंशांची मर्यादा ओलांडून करपतो. तात्पर्य, कॉब्लरला विस्तव दोन्हीकडून हवा, आणि वरून अधिक हवा. निखाऱ्यांचे तीन वाटे करावे. दोन झांकणावर व एक खालीं.

आपले लोक हें जुन्या काळापासून जाणत आले आहेत. विदर्भांत रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत व राखेंत पुरून भाजतात, म्हणजे त्यांस चोहोंकडून आंच मिळते. कोंकणांत काकडी, गूळ व तांदुळाचा रवा यांचें धोंडस झांकणावर निखारे ठेवून भाजण्याची रीत आहे. गोव्यांतील बेबिंकाचा एकेक थर वरच्या आंचेनेंच तांबूस होतो. अमेरिकेंतील वसाहतवाले, कोंकणांतील गृहिणी व आसगांवच्या आत्याबाई यांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं. तरी गरजेनें त्यांस एकच युक्ति शिकविली.

आतां सहा माणसांपुरती कृति देतों. पाडाच्या आंब्यांचा देंठ कापून चीक वाहूं द्यावा, फळें धुवावीं, साल काढून पाऊण किलो फोडी कराव्या. मार लागून काळा पडलेला भाग टाकावा. त्यांत आंबटपणाच्या मानानें दीडशें ते दोनशें ग्रॅम चिरलेला गूळ, एक मोठा चमचा तांदुळाचें पीठ, चिमूटभर मीठ व थोडी सुंठ किंवा वेलदोडा घालून पंधरा मिनिटें ठेवावें. तांदुळाच्या पिठानें रस दाट होतो.

वरच्या गोळ्यांसाठीं अडीचशें ग्रॅम मैदा किंवा वस्त्रगाळ कणीक, चार मोठे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ व सपाट पाऊण चहाचा चमचा खाण्याचा सोडा एकत्र चाळावा. साठ ग्रॅम लोणी किंवा थिजलेलें तूप त्यांत बोटांच्या टोकांनीं चुरून कालवावें. वैशाखांत तूप थिजत नाहीं. म्हणून त्याचें भांडें माठाच्या गार पाण्यांत घट्ट झांकून ठेवावें, किंवा ताजें लोणीच घ्यावें. मग सुमारे एक वाटी आंबट ताक घालून पीठ नुसतें एकत्र आणावें. मळूं मात्र नये. पोळीची कणीक जितकी मळावी तितकी चांगली, कारण मळल्यानें गव्हांतील चिकट प्रथिनांचें जाळें बळकट होतें. येथें तेंच जाळें गोळे चिवट करितें. सुगरणीचा हात या ठिकाणीं आवरता घ्यावा लागतो.

सोड्याचें कार्य असें आहे कीं, ताकांतील आम्लाशीं त्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो व त्याचे बुडबुडे पीठ फुगवितात. ताक मिसळल्यावर हा वायु लगेच सुटूं लागतो. म्हणून विस्तव आधीं तयार ठेवावा आणि पीठ मागाहून भिजवावें. सोडा अधिक पडल्यास आम्लास पुरून उरतो आणि पदार्थास साबणासारखी चव येते.

भांड्याविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. कारण भंडारा हें पितळी भांड्यांविषयीं नांवाजलेलें गांव, आणि आपल्या घरीं पितळ पुष्कळ. कल्हई नसलेल्या पितळेंत आंबट पदार्थ कळकतो; त्यांत तांब्याचे क्षार उतरतात व ते प्रकृतीस अपायकारक असतात. कल्हई असली तरी कथील सुमारे २३२ अंशांस वितळतें. निखारे ठेविलेल्या कोरड्या झांकणाची कल्हई या उष्णतेनें सुटण्याचें भय असतें. म्हणून पसरट तोंडाचें पक्कें मातीचें भांडें सर्वांत बरें, व झांकणास लोखंडी तवा. भांड्यास आंतून तूप लावावें, फोडी पसराव्या, वर चमच्यानें पिठाचे गोळे थोडें अंतर ठेवून सोडावे आणि मूठभर चारोळी पेरावी. तव्याखालीं एका बाजूस बारीक दगड ठेवून वाफ जाण्यास फट ठेवावी. वीस मिनिटांनीं एकदां पाहावें. चाळीस मिनिटांच्या सुमारास वरचा भाग बदामी होतो, कडेनें रस दाट होऊन बुडबुडतो, आणि गोळ्यांत काडी खुपसली असतां ती कोरडी निघते. ज्यांच्या घरीं विजेची भट्टी असेल त्यांनीं ती १९० अंशांवर तापवून तितकाच वेळ ठेवावें.

पालकांस व मुलांस एक इशारा द्यावासा वाटतो. निखाऱ्यांचें काम अंगणांत, मोकळ्या हवेंत करावें. बंद खोलींत निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु सांचतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि तो प्राणघातक आहे. मुलांनीं वडील माणूस जवळ असल्यावांचून निखाऱ्यांस हात घालूं नये.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळीं विस्तव आत्याबाईंनीं रचला. तवा उचलतांच खरपूस वास अंगणभर पसरला. वर दगडगोट्यांच्या फरसबंदीसारखे बदामी गोळे, आणि त्यांच्या फटींतून वर आलेला केशरी रस. मुलांनीं दोनदां मागून घेतलें. सर्वांत धाकटीनें विचारलें, “आजी, पुढल्या वर्षीं बी वादळ येईल का?” आत्याबाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनीं तिच्या ताटलींत आणखी एक डाव वाढला.

कॉब्लरनें वादळाचें नुकसान भरून निघालें, असें आम्ही म्हणत नाहीं. फीसाठीं आत्याबाईंस घरांत खाण्यास ठेविलेलें धान काढावें लागलें, आणि तें त्यांनीं विनातक्रार काढलें. परंतु जें फळ उकिरड्यावर जावयाचें, तें आधीं मुलांच्या मुखीं गेलें. येत्या उन्हाळ्यांत आमच्या वाचकांच्या घरीं असे पाडाचे आंबे आल्यास त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. मात्र निखाऱ्यांचे तीन वाटे विसरूं नयेत, आणि विस्तव रचण्यापूर्वीं घरांतील वडील बाईमाणसांस एकवार विचारावें.